एक मीटरची चौकट

प्रिय बाबा,

पत्र बघून घाबरू नका. मी कुठे पडले नाही, मला काही चावलं नाही, आणि शिबिरातून कुणी मला हाकललेलंही नाही. फोन करायचा तर इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर मिळते, तीही सहाव्या पायरीवर. शिडीला लोंबकळून मनातलं बोलणं मला जमत नाही. शिवाय फोनवर आपलं दोघांचं बोलणं म्हणजे तुम्ही बरी आहेस ना विचारणार, मी हो म्हणणार, आणि तुम्ही लगेच फोन आईच्या हातात देणार. आणि मला जे सांगायचंय ते तुम्ही बनवून दिलेल्या चौकटीबद्दल आहे. ते चौकट बनवणाऱ्यालाच सांगायला हवं. तुमच्या चष्म्यावर नेहमीप्रमाणे भुसा असेल, म्हणजे पत्र आईच मोठ्याने वाचत असणार. आई, मध्ये थांबून स्वतःची मतं घालू नकोस. सलग वाच.

पाच आठवडे झाले. निघताना तुम्ही विचारलं होतंत की झाडंझुडपं मोजायला एवढ्या लांब कशाला जायचं, मागच्या अंगणात काय कमी उगवलंय? तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. आता सांगते, प्रश्न तसा चुकीचा नव्हता. आम्ही बारा जण इथे काय करतो, तर मोजतो. सकाळी सहाला उठतो आणि मोजायला जातो. दोघं जण तळ्यावरचे चतुर मोजतात, दोघं दगडाखालच्या गोगलगायी मोजतात, दोघं झाडाच्या सालीवर कोण चढतं आणि कोण उतरतं ते बघत बसतात, गावातल्या चौकातल्या रिकामटेकड्या माणसांसारखे. दुपारी येऊन ते आकडे वहीत उतरवतो, मग बटाट्याची भाजी खातो, आणि मग आकडे पुन्हा तपासतो. बटाटा रोज असतो. मी त्याचीही नोंद ठेवायला घेतली होती, पण त्यात काही चढउतारच दिसेना, म्हणून सोडून दिली.

राहायला दोन लांबलचक खोल्या आहेत, लोखंडी पलंग, एकावर एक. माझा वरचा. जेवणघराला लागून एक हॉल आहे, तिथे फळा, मोडक्या खुर्च्या आणि बरण्यांमधले किडे. या हॉलचं दार खाली फरशीला घासतं. बाहेरून यायचं तर खांदा लावून ढकलावं लागतं आणि आतून जायचं तर कडीला लोंबकळावं लागतं. तुम्ही इथे असतात तर पहिल्या दिवशीच जेवण बाजूला ठेवून दार उतरवलं असतंत. मी मनात म्हटलं, बरं झालं बाबा इथे नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आमच्या मॅडम मुंग्यांवर काम करतात. बुटक्या, काटक, आणि चालताना कायम जमिनीकडे बघतात, त्यामुळे समोरून येणाऱ्या माणसावर आदळतात. त्यांनी आम्हाला जोडीजोडीने एकेक प्रश्न वाटून दिला. माझी जोडीदार जी आहे तिला आम्ही सगळे शंकासुर म्हणतो. ती प्रत्येक गोष्टीवर शंका काढते. घड्याळ बरोबर आहे का, टेकडीची उत्तर बाजू नक्की उत्तरेला आहे का, हे मीठच आहे ना. आमच्या वाट्याला टेकडीचा सावलीकडचा उत्तर उतार आला, आणि दुसऱ्या एका जोडीला दक्षिण उतार. दोन्हीकडे एक बोटभर उंचीचं, पिवळ्या फुलाचं रोप आहे. ते सावलीच्या बाजूला कमी उगवतं की उन्हाच्या, एवढाच प्रश्न. ठरवून दिलेल्या चाळीस जागी एक मीटर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर ठेवायची, आतली रोपं मोजायची, आकडा लिहायचा, आणि दर आठवड्याला हेच पुन्हा. म्हणजे पाच आठवड्यांत दोनशे वेळा गुडघ्यांवर.

दक्षिणवाल्यांना इथली लोखंडी चौकट मिळाली, बारीक सळईची. आमच्याकडे तुमची. बाबा, तुमची चौकट पहिल्यांदा पिशवीतून काढली तेव्हा सगळे गोळा झाले होते. हलकं लाकूड, चारी कोपऱ्यांत नीट बसवलेले सांधे, घडी घालता यावी म्हणून पितळी बिजागऱ्या, उघडली की हलू नये म्हणून दोन छोट्या कड्या, आणि वरून पॉलिश! दक्षिणवाल्यांनी आपली गंजकी सळई पाठीमागे लपवली. मी अशी काही मिरवले की विचारू नका. रोज टेकडी चढताना घडी घालायचा कंटाळा म्हणून मी ती गळ्यात अडकवून जायची. तिथे गुरं चारणारे एक आजोबा असतात. त्यांनी दोन आठवडे काही म्हटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात न राहवून त्यांनी शंकासुरला विचारलं की ही पोरगी रोज खिडकी घेऊन हिंडते, हिला भिंत मिळत नाही का? त्यांच्याच एका शेळीने आमच्या खुणेच्या नऊ झेंड्या खाल्ल्या. आजोबांनी त्याबद्दल माफी मागितली, शेळीने नाही.

आता मुद्द्याला येते. दुसऱ्या आठवड्यापासून दिसायला लागलं की आमच्या उतारावर रोपं कमी भरतात. दक्षिणवाल्यांचे एका चौकटीत सरासरी एकोणचाळीस, आमचे तेहतीस. तिसऱ्या आठवड्यात तेच, चौथ्यातही तेच. बाबा, मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. मॅडम मुंग्यांच्या, म्हणून मी मुंग्या घालून एक उपपत्तीच तयार केली, की मुंग्या बिया उचलून उन्हाच्या बाजूला नेतात आणि म्हणून सावलीत रोपं कमी. एकही मुंगी बी नेताना मी पाहिली नव्हती. पण मॅडमचे डोळे चमकले आणि मला तेवढं पुरे झालं. शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीने हॉलमध्ये आपलं काम सगळ्यांसमोर मांडायचं असतं. सगळ्यांत चांगल्या कामाच्या जोडीला मॅडम पुढच्या वर्षी परत बोलावतात, त्यांच्या स्वतःच्या संशोधनावर. ते आमंत्रण मला मिळणार असं मी धरूनच चालले होते. मोठ्या कागदावर मी ठळक अक्षरांत शीर्षकही लिहिलं, सावलीचा परिणाम, आणि बाजूने पानाफुलांची वेलबुट्टी काढली. वेलबुट्टीला दोन दुपारी गेल्या.

आणि गेल्या गुरुवारी शंकासुरने घात केला. तिची पहिल्या दिवसापासून एक शंका होती, की एखादं रोप नेमकं चौकटीच्या लाकडाखाली आलं तर ते आत धरायचं की बाहेर. मी तेव्हा तोऱ्यात सांगितलं होतं की लाकडाखालचं ते बाहेर, संपलं. पण तिचं काही संपत नाही. गुरुवारी दोनशेवी मोजणी झाली, आणि तिने दप्तरातून फीत काढून चौकट आतून मोजली. ब्याण्णव सेंटिमीटर. मी म्हटलं, नीट धर. तिने नीट धरली. ब्याण्णव. बाहेरून मोजली तर बरोब्बर शंभर, एक केसही इकडेतिकडे नाही. दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर लाकूड, आणि आम्ही मोजत होतो ती त्या लाकडाच्या आतली जमीन. रोज संध्याकाळी दोन्ही चौकटी एकाच भिंतीला टेकून एकीवर एक उभ्या असायच्या, कडेला कड जुळवून, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. ब्याण्णव गुणिले ब्याण्णव, म्हणजे आमची चौकट पूर्ण चौकटीपेक्षा शंभरात पंधराने लहान. शंकासुरने तिथेच गवतात बसून हिशोब केला. एकोणचाळीसमधून तेवढा भाग काढला की राहतात तेहतीस. अगदी तेहतीस. म्हणजे मुंग्या नाहीत, सावली नाही, परिणाम नाही. फक्त लाकूड होतं.

पुढचं लिहायला मला अवघड जातंय. आई, इथे थोडं हळू वाच.

मी तडक खाली उतरले, खांद्याने दार ढकललं आणि हॉलमध्ये मॅडमसमोर, सगळ्यांच्या देखत म्हणाले की माझ्या वडिलांनी चौकट चुकीची बनवली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, ते मी केलं, आणि अंगण तुम्हाला केलं. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी चौकट हातात घेतली, कडी उघडून बघितली, सांध्यावरून बोट फिरवलं, आणि मला एकच विचारलं. ज्या माणसाने एवढं नेमकं काम केलंय त्याने माप आतून धरायचं की बाहेरून, हे विचारलं नाही का? मी नुसती मान हलवली. ती मान नाही अशी हलली, बाबा.

तुम्ही विचारलं होतंत. मला सगळं स्वच्छ आठवतंय. मी जिन्यात बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होते, सगळ्या कॉलेजातून माझी एकटीची कशी निवड झाली ते तिला तिसऱ्यांदा सांगत होते. तुम्ही खालून वर आलात, कानामागे पेन्सिल, हातात फीत, आणि विचारलंत की आतून की बाहेरून. मी हाताने थांबा अशी खूण केली. तुम्ही थांबलात. जिन्यात, करवत चालू ठेवून आलेला माणूस, गिऱ्हाइकाची खिडकी अर्धवट टाकून. मग तुम्ही पुन्हा विचारलंत, आणि मी फोनवर हात ठेवून म्हणाले की बाबा, एक मीटर म्हणजे एक मीटर, त्यात काय आत आणि काय बाहेर. तुम्ही बरं म्हणालात आणि खाली गेलात. आणि मग तुम्ही जन्मभर जसं करत आलात तसं केलंत. दाराखिडकीची चौकट भिंतीत बसवायची, म्हणून तिचं माप बाहेरून बाहेर. लहानपणी तुमच्या बाकाखाली ढलप्या गोळा करताना, तुम्ही मला पाचर म्हणायला लागलात तेव्हापासून, हे मी शंभरदा ऐकलंय. मला ते मुंग्यांच्या आधीपासून माहीत होतं.

शुक्रवारी सगळ्यांना सुताराच्या चुकीवर विनोद सुचायला लागले. बटाटा कच्चा राहिला की सुताराने शिजवला. चतुर हातातून निसटला की सुताराने पकडला होता. मीही हसले. एकदा नाही, दोनदा. तिसऱ्यांदा हसायला गेले तर जमेना, म्हणून भांडी घासायची पाळी नसताना जाऊन भांडी घासली. गेल्या तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तुमचं माप परत पाठवलेलं नाही. आई हे पाहुण्यांना सांगते तेव्हा मी दर वेळी वैतागते. आणि जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, जिथे तुम्ही स्वतः उभे राहून काही बोलू शकत नाही, अशा ठिकाणी तुमचं नाव मी खराब केलं, का तर माझी वेलबुट्टी वाया गेली म्हणून.

आज रविवार. सकाळी मॅडम पायवाटेने येत होत्या, अर्थातच जमिनीकडे बघत, आणि माझ्यावर आदळल्या. मी तेवढ्यात सांगून टाकलं. सुताराने दोनदा विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही. मॅडमनी बराच वेळ वर बघितलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे, जे त्या फारसं करत नाहीत. मग म्हणाल्या की त्यांनी चौकट हातात घेतली तेव्हाच त्यांना तसं वाटलं होतं, आणि मी कधी सांगते याची त्या वाट बघत होत्या. मला वाटलं होतं की कामही आता केराच्या टोपलीत जाणार, पण नाही. काल आम्ही लोखंडी चौकट घेऊन वीस जागा पुन्हा मोजल्या होत्या, सरासरी एकोणचाळीस आली. दोन्ही उतार सारखेच. मॅडम म्हणतात की फरक नाही हे कळणंही कळणंच आहे, आणि चूक कुठे झाली ते पुसलं नाही तर काम खरं राहतं. तेव्हा शीर्षकातला परिणाम हा शब्द खोडून मी आता फक्त 'काही फरक नाही' असं लिहिलंय. वेलबुट्टी तशीच ठेवली. ती आता फारच विचित्र दिसते. शंकासुरला शंका आहे की वेलीवरची पानं त्या रोपाची नाहीतच, आणि तीही खरी आहे.

पुढच्या वर्षीचं आमंत्रण बहुतेक गोगलगायवाल्यांना मिळेल. मिळू दे. गेले तीन दिवस मला त्याची आठवणही नव्हती, हे आता लिहिताना लक्षात आलं. पण ज्या हॉलमध्ये मी ते बोलले, त्याच हॉलमध्ये, त्याच सगळ्यांसमोर मला ते परत घ्यायचंय. येत्या शनिवारी मांडणीच्या वेळी मी सुरुवातच तिथून करणार आहे. चौकट सगळ्यांना दाखवायची आणि सांगायचं की ही चुकीची नाही. ही विचारून बनवलेली आहे, विचारलेल्याला उत्तर मिळालेलं नाही. वाक्य अजून नीट जमत नाहीये. शंकासुरला म्हणून दाखवलं तर ती म्हणाली की बरंय, पण ज्याच्याबद्दल आहे त्याने ऐकलं का? पहिल्यांदाच तिच्या शंकेवर मी चिडले नाही.

म्हणून आता दुसरं खोटं, आणि मघाचं ते बरं झालं बाबा इथे नाहीत, तेही. निघताना तुम्ही विचारलं होतंत की शेवटच्या दिवशी घरच्यांनी यायचं असतं का, आणि मी चटकन म्हणाले की नाही, घरच्यांना परवानगी नसते. असते, बाबा. पहिल्या दिवशी आम्हाला दिलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलंय की आईवडिलांनी जरूर यावं. मी नाही म्हटलं, कारण मागे कॉलेजच्या कार्यक्रमाला तुम्ही आला होतात तेव्हा प्राचार्यांचं भाषण चालू असताना तुम्ही खिशातून पेचकस काढून व्यासपीठामागच्या दाराची बिजागरी घट्ट केली होतीत, आणि भाषण संपल्यावर प्राचार्यांना त्यांच्या दाराबद्दल चार शब्द ऐकवले होतेत. सगळे हसले होते आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले होते. ते दार अजून आवाज करत नाही. मी रोज त्यातून जाते. शनिवारी सकाळी दहाला या, आईलाही घेऊन या. स्टँडवरून दुधाची गाडी साडेआठला इकडे येते, त्या काकांना मी सांगून ठेवलंय. मी बोलायला उभी राहीन तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत हवे आहात. आणि येताना रंधा घेऊन या. हॉलच्या दाराला कालपासून एक जण विटेने घासून बघू म्हणत होता, मी त्याला हात लावू दिलेला नाही. म्हटलं, माझे बाबा येणार आहेत, ते करतील. फक्त आधी मला विचारा की किती काढायचं. या वेळी मी उत्तर देईन.

तुमचीच,
पाचर